उत्तरायुष्याची तरतूद : शुश्रूषेचा खर्च आणि कायद्याचा आधार

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या इतिहासाचा, तिच्या दानशूरांचा गौरव व्हावा हे उचितच आहे, आणि तो या व्याख्यानमालेत झालाही आहे. विश्वस्तांनी मला मात्र वेगळा विषय दिला. पन्नास वर्षांपूर्वी या संस्थेच्या स्थापनेसाठी जे तिशीतले तरुण घरोघरी फिरले, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांपैकी काही पहिल्या रांगेत बसले आहेत, काही अंथरुणावर आहेत. अंथरुणावर असलेल्यांना दर दोन तासांनी कूस कोणी बदलून द्यायची, आणि त्या माणसाचा पगार कोणत्या पैशातून द्यायचा, एवढाच माझा विषय आहे. सभेत बोलण्यासारखा तो वाटत नाही. घरातही त्यावर कोणी बोलत नाही, म्हणून येथे बोलतो.

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की डॉक्टरांचे छोटे खाजगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. तिथे माणूस चार दिवस राहतो आणि घरी येतो. परदेशात याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. जो वृद्ध बरा होऊन घरी जाणार नाही, त्याची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारे ते निवासस्थान असते. तशी व्यवस्था मोठ्या शहरांत अलीकडे उभी राहू लागली आहे. आपल्या जंगलपट्ट्यातील गावांत आपले राहते घर हेच नर्सिंग होम. गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी जिल्ह्यातील ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो पाहावा. तेथील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात निघाले. सुमारे सात मृत्यूंमागे एक. त्यांतील बहुसंख्य माणसे रुग्णालयात नव्हे, घरीच गेली. पक्षाघाताचा प्रत्येक रुग्ण लगेच जात नाही, हे आपण जाणतोच. अर्धे अंग घेऊन माणूस पाच-दहा वर्षे जगतो, आणि त्याच्या भोवती एक कुटुंब त्या वर्षांची किंमत मोजत असते.

हिशेब मांडून पाहू. दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन परिचारिका, औषधे, डायपर, फिजिओथेरपी यांसाठी महिन्याला ३०,००० रुपये धरू. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. आपापल्या गावचा दर घालून तो बदलावा. वर्षाचे ३ लाख ६० हजार झाले. दरवर्षी आठ टक्के वाढ धरली तर पाच वर्षांत ही रक्कम २१ लाखांच्या वर जाते. यात रुग्णालयाचा एक रुपयाही नाही. रुग्णालयासाठी आता आधार आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार खुले झाले. ते कार्ड ज्यांनी काढलेले नाही त्यांनी अवश्य काढावे. एप्रिल २०२४ पासून आरोग्यविमा घेण्यासाठीची पासष्ट वर्षांची जुनी मर्यादाही विमा नियामकांनी उठवली आहे. पण कार्ड असो वा विमा, दोन्हींचा भर दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारावर आहे. रुग्ण घरी आल्यानंतरची आया, तिचा महिन्याचा पगार, रात्रीचे जागरण, यांतील काहीही त्या पाच लाखांत बसत नाही. अनेक कुटुंबांचा अंदाज नेमका येथे चुकतो.

येथे अमेरिकेतील एका सल्ल्याविषयी बोलले पाहिजे, कारण आपली मुले-नातवंडे तिकडे आहेत आणि तो सल्ला फोनवरून इकडे येतो. तिकडे म्हणतात, वेळीच मालमत्ता मुलांच्या नावे करून मोकळे व्हा. तिथे त्याला कारण आहे. अमेरिकेत गरिबांच्या नर्सिंग होमचा खर्च 'मेडिकेड' ही सरकारी योजना उचलते. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत दिलेल्या देणग्या ती सर्वसाधारणपणे तपासते, म्हणून लोक त्याहून आधी देऊन टाकतात. आपल्याकडे दीर्घ शुश्रूषेचा खर्च देणारी अशी योजना नाही. निराधारांसाठी श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये आहेत, ते आपल्यापैकी बहुतेकांना लागू नाहीत. ज्या देशात सरकार पैसे भरते तिथे हात रिकामे करण्यात हिशेब आहे. जिथे सरकार भरत नाही तिथे हात रिकामे करणारा फक्त रिकामा होतो.

आणि आपल्या समाजात हे रिकामे होणे फार लवकर घडते. त्याला आपण त्याग म्हणतो. अपरिग्रह हा आपला महाव्रतांपासून अणुव्रतांपर्यंत सांगितलेला धर्म आहे, त्याविषयी माझ्यासारख्या वकिलाने बोलावे असे काही नाही. एवढेच म्हणतो की परिग्रहाचे परिमाण करताना श्रावक स्वतःच्या निर्वाहापुरते ठेवतो. मुलांच्या नावे सर्व करून देऊन मग औषधासाठी त्यांच्या तोंडाकडे पाहणे याला कोणत्याही ग्रंथात व्रत म्हटलेले नाही.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. गाव, नाव सांगत नाही. एका गृहस्थांनी पत्नीच्या निधनानंतर राहते घर आणि मागची वखार धाकट्या मुलाला बक्षीसपत्राने दिली. रक्ताच्या नात्यात निवासी घराचे बक्षीसपत्र आपल्या राज्यात नाममात्र मुद्रांक शुल्कात होते, त्यामुळे खर्चाची अडचण नव्हती. दस्तात नेहमीचे वाक्य होते : 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, कोणताही मोबदला न घेता'. तीन वर्षांनी त्यांना पक्षाघात झाला. मुलगा वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. त्याने घर गहाण ठेवून व्यापारात पैसा घातला होता आणि व्यापार बसला होता. वडिलांची सेवा करण्याची इच्छा होती, ऐपत राहिली नव्हती. मोठा मुलगा म्हणे, घर ज्याला दिले त्याने पाहावे. मुलगी नागपूरहून दर शनिवारी येई. ते गृहस्थ माझ्याकडे व्हीलचेअरवर आले, तेव्हा त्यांचे म्हणणे एकच होते : 'वकीलसाहेब, मला घर परत नको, मला रात्रीचा माणूस हवा.' दस्तात एक ओळ असती तर मी त्यांच्यासाठी काही करू शकलो असतो.

ती ओळ कोणती? आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीचा २००७ चा अधिनियम महाराष्ट्रात २००९ मध्ये लागू झाला. त्याचे कलम २३ असे की, ज्येष्ठाने आपल्या मूलभूत गरजा व देखभाल पुरवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरण रद्दबातल ठरवू शकते. अट असली पाहिजे, हा त्यातला कळीचा शब्द. डिसेंबर २०२२ मध्ये एका आईने मुलींना दिलेल्या हक्कसोडपत्राबाबत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अट दाखवल्याशिवाय हे कलम लागत नाही. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईच्या बाजूने न्यायालयाने निकाल दिला. तिथे बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने सांभाळ करण्याचे वेगळे वचनपत्र लिहून दिले होते. ते ग्राह्य धरून बक्षीसपत्र रद्द झाले आणि घराचा ताबा आईला परत देण्याचा आदेश झाला. हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असेही न्यायालयाने सांगितले. तरीही उदार अर्थाच्या भरवशावर दस्त लिहू नये. जीवनभर त्या घरात राहण्याचा हक्क, अन्न, औषधोपचार आणि शुश्रूषेचा खर्च, हे सर्व बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहावे. आणि माझे खरे मत विचाराल तर बक्षीसपत्र करूच नये; मृत्युपत्र करावे. मृत्युपत्र हवे तेव्हा बदलता येते, त्याला मुद्रांक शुल्क नाही, आणि घर आपले ते आपलेच राहते.

याच कायद्याखाली निर्वाहभत्ता मागता येतो. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे वरोरा, राजुरा, ब्रह्मपुरी, अहेरी, देसाईगंज येथेच, साध्या कागदावर अर्ज करावा लागतो. मुलगा पुण्यात असला तरी आपण राहतो तिथे अर्ज चालतो. वकिलाची गरज नाही. कायद्याच्या शब्दांप्रमाणे तर वकील तिथे उभाच राहू शकत नाही, आणि माझ्या व्यवसायाला ते बरेच झाले. ज्यांना अपत्य नाही, त्यांच्या मालमत्तेचा जो वारस होणार किंवा जो ती सध्या वापरतो, त्याच्यावरही जबाबदारी येते. आपल्या विधवा काकू-आत्यांसाठी हे लक्षात ठेवावे. मुलीचीही जबाबदारी आहे. कल्याणच्या एका डॉक्टर विवाहितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच ते स्पष्ट केले. परंतु या भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. ती काढून टाकणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले, त्याचा कायदा झाला नाही. आपल्या मघाच्या हिशेबात ३०,००० लागत होते. म्हणजे खटला जिंकूनही रात्रीचा माणूस मिळत नाही. कायदा अन्न देतो, शुश्रूषा आपल्याच पैशातून करावी लागते.

तो पैसा कुठे असतो? आपल्या समाजात तो बँकेत कमी आणि पेढीत जास्त असतो. कुणाचे पणजोबा मारवाडातून आले, कुणाचे कच्छ-काठियावाडातून, सैतवाळ बंधू तर मराठी मुलखातलेच. पण धान्य, कापड, सराफी, किराणा, जंगलमाल, जो काही व्यापार केला तो भागीदारीत किंवा एकत्र कुटुंबाच्या नावावर. वडील साठीनंतर 'आता तुम्ही पाहा' म्हणून गल्ल्यावरून उठतात. कागद होत नाही. त्यांचे भांडवल वहीत तसेच राहते आणि दरवर्षीच्या घरखर्चाने, लग्नकार्याने, तोट्याने झिजत जाते. दहा वर्षांनी विचारावे तर खात्यात शिल्लक नसते आणि ती कुठे गेली हे कोणाला सांगता येत नाही. म्हणून निवृत्त होताना निवृत्तिपत्र करावे, भांडवल खात्याची बाकी काढावी, आणि ती पेढीत ठेवायचीच असेल तर व्याजाने दिलेले कर्ज म्हणून लिहून घ्यावी. भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ३७ प्रमाणे, हिशेब न करता उरलेले भागीदार धंदा चालवत राहिले, तर निघालेल्या भागीदाराला नफ्याचा वाटा किंवा सहा टक्के व्याज मागता येते. पण मुलावर कलम ३७ लावणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. निघतानाच पानभर लिहून ठेवणे दोघांनाही सोपे जाते.

बाहेर काढलेल्या पैशासाठी पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना मला सर्वांत निर्धोक वाटते, कारण पोस्ट सिरोंचालाही आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि दर ८.२ टक्के झाला. दर सरकार तिमाहीला ठरवते, तो गुंतवताना पाहावा. या दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. पती-पत्नी दोघांची पात्रता असेल तर दोन खाती होतात. हे पैसे कोणाच्या कृपेने येत नाहीत, ठरलेल्या तारखेला खात्यात पडतात, आणि सेविकेचा पगारही ठरलेल्या तारखेलाच द्यायचा असतो.

उरते घर. वेळ पडली तर घर विकू, किंवा बँकेला देऊन दरमहा रक्कम घेऊ, असे अनेकांच्या मनात असते. या दुसऱ्या प्रकाराला रिव्हर्स मॉर्गेज म्हणतात. २००७-०८ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात त्याची घोषणा झाली. कागदावर योजना चांगली आहे, पण तिला निर्वेध मालकी लागते, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत गाडी तिथेच अडते. गावातील जुनी घरे पुष्कळदा नझूलच्या पट्ट्यावर असतात आणि पट्ट्याची मुदत आजोबांच्या काळीच संपलेली असते. नागपूर व अमरावती विभागांतील निवासी नझूल भूखंडांसाठी शासनाने २०२४ मध्ये विशेष अभय योजना आणली. तिची सद्यस्थिती तहसील कार्यालयात विचारून घ्यावी. काही जमिनी भोगवटादार वर्ग २ च्या असतात, त्या विकायला परवानगी लागते. काही आदिवासी बांधवांकडून पूर्वी आलेल्या असतात. तिथे जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आडवे येते, आणि ते न्याय्य कारणासाठीच आहे. काही ठिकाणी अभिलेखात 'झुडपी जंगल' लिहिलेले असते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील या जमिनी वनजमिनीच समजल्या जातील असा निर्णय दिला आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी नियमित करण्याची वेगळी वाट ठेवली. हे सगळे आजारी माणसाच्या उशाशी बसून उलगडत नाही. पाय चालतात तोवर आखीव पत्रिका, सातबारा, फेरफार काढावेत, आजोबांचे नाव असेल तर वारस नोंद करून घ्यावी. मुलींची नावे लावायला विसरू नये. वडिलोपार्जित मालमत्तेत त्यांचा जन्मसिद्ध वाटा आहे, हे ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायमचे ठरवले आहे, आणि हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे.

आता ज्या गोष्टीचा सर्वाधिक गैरसमज आहे ती. 'मी मुलाला मुखत्यारपत्र दिले आहे, काही झाले तर तो पाहील', असे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळते. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचे चित्त स्थिर राहिले नाही की मुखत्यारी संपते. म्हणजे स्मृतिभ्रंश झाला, माणूस बेशुद्धावस्थेत गेला, आणि ज्या दिवसासाठी कागद केला तो दिवस आला, की त्याच दिवशी कागद निकामी होतो. मग कुटुंबाला पालक नेमून घेण्यासाठी नागपूर खंडपीठाचा उंबरठा झिजवावा लागतो. त्यापेक्षा आधीच दोन गोष्टी करता येतात. महिन्याच्या खर्चाचे एक खाते विश्वासातील व्यक्तीबरोबर 'दोघांपैकी कोणीही' अशा प्रकारे चालवावे. सर्व ठेवी मात्र त्यात ओतू नयेत, कारण तो 'कोणीही' सर्व काढू शकतो. आणि मालमत्ता मोठी असेल तर १८८२ च्या कायद्याखाली खाजगी विश्वस्तपत्र करावे. येथे बसलेल्यांना विश्वस्त म्हणजे काय हे समजावण्याची गरज नाही. शुद्धीत असताना केलेले विश्वस्तपत्र शुद्ध हरपल्यावरही चालू राहते. केवळ हात चालत नसेल आणि मन शाबूत असेल, तर प्रश्न फार लहान आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे बँकेला अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा स्वीकारता येतो, आणि दोन साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. दस्त नोंदणीसाठीही दुय्यम निबंधक विशेष कारणासाठी घरी येऊ शकतात.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नये, वाद टळतो. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. नामनिर्देशन केले म्हणजे मालकी दिली असे नव्हे. नामनिर्देशित व्यक्ती वारसांसाठी पैसे स्वीकारते, एवढेच. ज्या मुलीने सेवा केली तिला काही द्यायचे असेल तर ते मृत्युपत्रात लिहावे लागते.

संलेखनेविषयी प्रश्न येणारच, म्हणून एक वाक्य. त्याविषयीचा राजस्थान उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१५ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगित केला. तो विषय साधू-साध्वींच्या मार्गदर्शनाचा आहे. कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावे की नाही याबाबतचे पूर्वनिर्देश मात्र २०१८ पासून मान्य आहेत, आणि जानेवारी २०२३ च्या सुधारणेनंतर दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येतात. अतिदक्षता विभागाच्या दाराशी भावंडांचे मतभेद होतात, त्यांची धार त्याने कमी होते.

शेवटी विश्वस्तांशी बोलतो, आणि थोडे परखड बोलतो. एकाकी श्राविका येतात आणि म्हणतात, माझे घर संस्थेला घ्या, मला शेवटपर्यंत पाहा. भावना मोठी आहे. पण जिवंतपणी बक्षीसपत्र घेऊ नये. सांभाळायला आपल्याकडे माणूस नाही, सेवाकेंद्र नाही. आणि एकदा घर संस्थेचे झाले की तिच्या औषधासाठी ते विकायलाही कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल. जे कलम मुलाला लागू आहे ते संस्थेलाही लागू आहे. तिने मृत्युपत्राने द्यावे, आपण आज ते घर भाड्याने देण्यास, कागद नीट करण्यास तिला मदत करावी. वैयावच्च हे आपल्याकडे अभ्यंतर तपात गणले आहे. देवद्रव्याला हात न लावता, साधारण व साधर्मिक खात्यातून वैयावच्च निधी वेगळा काढता येईल. त्यातून रुग्णखाट, पाण्याची गादी, व्हीलचेअर, प्राणवायूचे यंत्र अशी साधने ठेवता येतील, आणि पाच-सहा गरजू मुलींना परिचारिकेचे शिक्षण देता येईल. आनंदवनात वृद्धांना घर मिळते, ते वरोऱ्याला आपल्या शेजारीच आहे. जाऊन पाहावे, विचारावे.

ज्यांना आजच कोणाशी बोलायचे असेल त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण दोन्ही जिल्ह्यांत आहे. पुढील रविवारी सकाळी दहा ते एक मी याच सभागृहात बसणार आहे. येताना आखीव पत्रिका किंवा सातबारा, बँकेची पुस्तके आणि पेढीतील आपल्या खात्याचा उतारा आणावा. शक्य तर मुलांना व सुनांनाही आणावे. त्यांच्या पाठीमागे केलेले कागद मला आवडत नाहीत.

माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र.